रंग जाईपर्यंत

"आधी पंखा लाव," आत्या म्हणाली.

"अगं, त्या घरघरीत तुझा आवाज कसा ऐकू येईल?"

"म्हणून तर लावायचा."

भाचीने पंखा लावला नाही. जुन्या प्रयोगशाळेच्या लांबट टेबलावर तिने रेकॉर्डर ठेवला आणि आत्याकडे सरकवला. आत्या त्यापासून वीतभर मागे सरकली, जणू त्यातून वाफ येत होती.

कॉलेजांमधल्या ख्रिस्ती विद्यार्थी मंडळांचा इतिहास भाची लिहीत होती. कॉलेजात अशा मंडळांवर बंदी होती, तेव्हा याच खोलीत, प्रॅक्टिकलच्या नावाखाली एक मंडळ प्रार्थनेला जमायचं. त्यांचं स्वतःचं एक गीत होतं, कुठेच न छापलेलं. ते गाता येणारी आता आत्या एकटी उरली होती, आणि सोमवारी तिच्या घशाचं ऑपरेशन होतं. आवाज राहील का, यावर डॉक्टरांनी नुसते खांदे उडवले होते. घरी शब्द आठवत, चाल आठवत नव्हती. "तिथे उभी राहिले तर येईल कदाचित," असं आत्याच म्हणाली होती.

प्राचार्यांनी किल्ली दिली, पण बजावून. "खोलीचे फोटो काढा आणि निघा. त्या मंडळाचं काही उकरत बसू नका, निस्तरावं मला लागतं." भाची याच कॉलेजात तासांवर शिकवत होती. पुढच्या वर्षी तास द्यायचे की नाही, ते त्यांच्याच हातात होतं.

"पहाऱ्याला कोण?" आत्याने विचारलं.

"आपण दोघीच आहोत आत्या. सुट्टी आहे आज."

"पहाऱ्याशिवाय मी तोंड उघडणार नाही."

तिने स्वतःच कपाट उघडलं. आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलेले हात. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचायलाही थांबले नाहीत. फ्लास्कमध्ये पाणी, त्यात फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब. पाणी पाण्यासारखंच राहिलं. मग कॉस्टिक सोड्याच्या पातळ द्रावणाने भरलेला ड्रॉपर तिने भाचीच्या हातात दिला.

"दाराशी उभी राहा. पाऊल वाजलं की एक थेंब टाक. ओरडायचं नाही, वळून बघायचं नाही. गुलाबी दिसलं की आम्ही गप्प."

"आणि सापडलात तर?"

"कॉलेजातून नाव कापायचे. मग घरी जाऊन बापाला काय सांगायचं, ते ज्याचं त्यानं बघायचं."

भाचीला हसू आलं. एवढ्या वयाची बाई आणि हे लपाछपीचं खूळ. तरी ती दाराशी जाऊन उभी राहिली. फ्लास्क दाराजवळच्या कट्ट्यावर, हाताशी ठेवला.

आत्याने डोळे मिटले नाहीत. फ्लास्ककडे बघतच ती गायला लागली. आवाज बारीक होता, कडेला फाटलेला. पण चाल आली.

*दार लाविले भयाने, तरि तू आत आलास...*

रेकॉर्डरचा लाल दिवा चालू होता. पहिलं कडवं संपत आलं, आणि व्हरांड्यात बूट वाजले.

शिपाई असेल. माळी असेल. तिने स्वतःला असं सांगेपर्यंत तिच्या बोटांनी ड्रॉपर दाबला होता. थेंब पडला, गुलाबी रेघ पाण्यात फिरली आणि सगळा फ्लास्क फिकट गुलाबी झाला.

गाणं ओळीच्या मधेच तुटलं.

बूट दारापाशी येऊन थांबले. दाराखालच्या फटीत सावली पडली.

"रीडिंग किती आलं?" आत्याने मोठ्याने विचारलं. आवाज कोरडा होता, अगदी वर्गातला.

प्राचार्य असतील तर काय सांगायचं, ते भाचीने आधीच ठरवून ठेवलं होतं. त्यातला एक शब्दही तिला आठवेना.

"साडेअठरा," ती म्हणाली. रीडिंग घ्यायला तिच्या समोर ब्युरेटसुद्धा नव्हती.

सावली हलली नाही.

तळहाताच्या घामाने ड्रॉपर निसटायला लागला. आता कडी वाजेल असं प्रत्येक श्वासाला वाटत होतं, म्हणून तिने श्वासच धरून ठेवला.

आत्या पाय न वाजवता तिच्याजवळ आली. "घाबरलीस?" ती कानाशी म्हणाली. "मग झालीस मंडळाची."

"आता काय करायचं?" भाचीने ओठांनीच विचारलं.

"रंग जाईपर्यंत गायचं नाही. फ्लास्क हलवत राहा, आत फुंकर घाल. श्वासानं जातो. तंबोरा सगळ्यांत आधी घालवायचा."

"तंबोरा?"

"आमच्यातला एक. गीताची चाल त्याचीच. आवाजावरून नाही, अंगावरून नाव पडलं होतं."

एवढं बोलून आत्या टेबलाकडे परत गेली.

भाचीने फ्लास्क उचलला आणि तोंडाशी धरला. पहिल्यांदा श्वास बाहेरच पडेना. दुसऱ्यांदा पडला तो थरथरत. पाणी हललं, रंग तसाच. ती फुंकत राहिली. डोळ्यांच्या कोपऱ्यातून फटीतली सावली दिसत होती. ती कुठेही गेलेली नव्हती.

आत्याने एकदा फ्लास्ककडे बघितलं. मग दाराकडे. मग गळ्यावरून हात फिरवला.

पाणी अजून गुलाबी होतं, तेव्हाच भाचीच्या पाठीमागे दुसरं कडवं सुरू झालं, पहिल्यापेक्षा मोठ्याने.

भाचीने मागे वळून बघितलं नाही. फ्लास्क दोन्ही हातांनी घट्ट धरून ती फुंकर घालत राहिली.