वेधातलं ऊन

"हिच्या पाठीला रोज ऊन लागलंच पाहिजे, एकही दिवस चुकवू नका," असं नर्सने बजावलं, तेव्हा केतकी हसली होती. "देवगडात राहतो हो आम्ही. उन्हाला काय तोटा?"

चार वर्षांच्या शर्वीचं कृत्रिम हृदय उन्हावर चालायचं. पाठीवरची पट्टी दिवसा ऊन साठवायची, त्यावर ते रात्रभर धडधडायचं.

आज सूर्य ग्रहणातच मावळणार होता. लेकीला चष्मा लावून ग्रहण दाखवायचं ठरवून केतकी ऑफिसातून लवकर आली, तर घरात अंधार. सासूबाईंनी पहाटे वेध लागल्यापासून पडदे ओढून नातीला आत बसवलं होतं. हिरवी असायची ती पट्टी लालभडक झाली होती.

"आई, हिला ऊन दाखवलं नाहीत?"

"ग्रस्तास्त आहे गं. उद्या सूर्य दिसेपर्यंत पोरीला बाहेर काढायचं नाही."

"उद्यापर्यंत तिचं हृदय चालायला हवं ना!"

सासूबाईंचा चेहरा पांढरा पडला. केतकीने शर्वीला उचललं आणि थेट गच्ची गाठली. कुरतडलेला का होईना, सूर्य अजून होता. तिने लेकीची उघडी पाठ त्याच्याकडे केली. मागोमाग सासूबाई पोहे चाळायची चाळणी घेऊन आल्या आणि त्यांनी ती उन्हात धरली. समोरच्या भिंतीवर सूर्याच्या कोरीच कोरी उमटल्या.

"आजी, सूर्य उष्टा झाला!" शर्वी खिदळली.

पट्टी पिवळी झाली, मग हळूहळू हिरवी. केतकीने खाली पाहिलं. आळीतल्या घराघरांत पडदे ओढलेले होते; आत आणखी कुणाची पट्टी लाल होत असेल तर? कठड्यावरून वाकून ती एकेकाला हाका मारू लागली.

तुम्हालाही तिचं हेच सांगणं आहे. शेजारी कुणाच्या छातीत असं हृदय असेल, तर आत्ता जाऊन त्यांचं दार वाजवा. सूर्य अजून हातभर वर आहे.