पुलापासून वेशीपर्यंत

घोडा पुन्हा पुलावर येऊन उभा राहिला.

चिरागनं कीबोर्डवर बोट दाबलं. घोडा निघाला. पूल संपला, चिखलाचा रस्ता लागला. उजवीकडे पेटलेली झोपडी, डावीकडे नदी, वरून धो धो पाऊस. गावाची वेस आली तसा चिरागनं खेळ थांबवला, पडद्याच्या कोपऱ्यातला वेगाचा आकडा टिपून घेतला आणि घोड्याला परत पुलावर आणलं.

भल्याभल्या ग्राफिक्स कार्डांना घाम फोडणारा खेळ होता तो, म्हणून परीक्षा त्याच्यावरच. बाजारात येणारं नवं कार्ड कंपनीनं चिरागच्या यूट्यूब चॅनलसाठी आधीच पाठवलं होतं. ते आणि जुनी दोन, अशी तिन्ही कार्डं त्याच रस्त्यानं, त्याच पावसात पळवून बघायची. घोडा जरा आडवा गेला की तुलना बाद. सगळं कालच आटपलं होतं. सकाळी कंपनीनं कार्ड चालवणारं नवं सॉफ्टवेअर पाठवलं, आकडे याच्यावरचेच धरा म्हणून कळवलं, आणि चिराग पुन्हा पहिल्या कार्डापासून सुरू झाला. व्हिडिओ संध्याकाळी सातला जायला हवा होता. सातला सगळेच चॅनलवाले टाकणार. मागाहून आलेला कोण बघतो?

मे महिना होता. जूचंद्रच्या त्या फ्लॅटमध्ये एसी एकाच खोलीत, म्हणून बाबाही तिथंच. टेबलाला लागून असलेल्या पलंगाच्या कडेला धर्मा उशांना टेकून बसला होता. लकवा मारल्यापासून त्याचं उजवं अंग गेलं होतं आणि बोलणं दोन-चार शब्दांवर आलं होतं. सकाळपासून तो घोड्याकडे बघत होता.

"आत का नाय जात?" त्यानं विचारलं.

"आत गर्दी आहे बाबा. आकडे बदलतात."

धर्मानं पडद्याकडे बघितलं. घोडा पुलावर होता.

तेजस्वी चहा घेऊन आली. सासऱ्याला तिनं बशीतून घोट घोट पाजला. मग डॉक्टरांनी दिलेला रबरी चेंडू त्याच्या उजव्या तळव्यात ठेवला. "दाबा बाबा. थोडा तरी दाबा." बोटं मिटली नाहीत. चेंडू मांडीवरून घरंगळत लादीवर गेला. तिनं तो उचलून पुन्हा ठेवला नाही.

"बाबांना गॅलरीत चालवायचंय ना?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"आज नको. शेवटचं कार्ड आहे."

"कालपण शेवटचंच होतं."

चिरागनं घोडा पुन्हा पुलावर आणला. त्याचे डोळे चुरचुरत होते. पाऊस, झोपडी, नदी, वेस. पाऊस, झोपडी, नदी, वेस. मिटल्या डोळ्यांसमोरही तोच रस्ता पळत होता.

फोन वाजला. कंपनीचा माणूस. घोडा पुलावर उभा ठेवून चिराग गॅलरीत गेला. हो सर, होतंय सर, एवढी एकच रन राहिलीय. खाली बिल्डिंगच्या पत्र्यावर उतरतीचं ऊन होतं. त्यानं पुन्हा दोनदा हो सर म्हटलं आणि आत आला.

घोडा पुलावर नव्हता. रस्त्यावरही नव्हता. लव्हाळी तुडवत तो नदीकडे उतरत होता. बाबा पुढे वाकले होते आणि त्यांचा हात कीबोर्डवर होता.

"काय केलंस हे बाबा!" चिराग ओरडला. "सकाळपासून मरतोय मी इथं! कशाला हात लावायचा?"

तेजस्वी स्वयंपाकघरातून धावत आली. धर्मानं मान वळवली नाही. हातही काढला नाही. चिराग कीबोर्ड ओढून घ्यायला पुढे झाला, तसं तिनं त्याचं मनगट धरलं.

"हात बघ."

"काय बघू?"

"अरे, कुठला हात आहे बघ."

उजवा होता.

वाकडी तर्जनी बटणावर टेकली होती. बाकीची बोटं थरथरत होती. मांडीवरून टेबलापर्यंत तो हात आपला आपण आला होता. कुणी उचलून ठेवला नव्हता. धर्माच्या कपाळावर घाम होता, एसीच्या झोतात.

चिराग खुर्चीत बसला. फोन परत वाजायला लागला. त्यानं तो पालथा ठेवला.

"दाब बाबा," तो म्हणाला. "दाबून ठेव."

बोट सुटलं. घोडा थांबला. धर्मानं दात आवळले, खांद्यापासून जोर काढला, बोट पुन्हा टेकलं. घोडा दोन पावलं गेला. पुन्हा सुटलं. पुन्हा टेकलं. घोडा पोटापर्यंत पाण्यात शिरला, मग छातीपर्यंत, मग वाहत वाहत पलीकडे निघाला. तेजस्वी पलंगावर बसून सासऱ्याची पाठ धरून होती. सात वाजून गेले. फोन वाजून वाजून गप्प झाला.

खेळातला पाऊस थांबला. तो थांबतो, हे चिरागला आज कळलं. पलीकडच्या काठावर ऊन पडलं होतं. घोडा पाण्यातून वर आला आणि गवतात उभा राहिला.

धर्माचा हात टेबलावरून घसरून मांडीवर आला. त्यानं डोळे मिटले, उघडले.

"दमला," तो म्हणाला. "उतर आता."

चिरागनं कीबोर्डकडे हात नेला आणि तो तसाच राहिला. घोड्यावरून उतरायचं बटण कोणतं, ते त्याला माहीत नव्हतं. इतक्या दिवसांत तो एकदाही उतरला नव्हता.