डोहाळजेवणाचा घास

त्या घरात डोहाळजेवणाचा पहिला घास भरवायचा मान नणंदेचा. शांतावन्सं केशरी भाताचा घास घेऊन वाकल्या आणि कालिंदीला त्यांचं बोट दिसलं. महिन्याभरापूर्वी विळीवर कापलेलं. कडा हिरव्याकाळ्या, आत नुसतं गिळगिळीत.

“वन्सं, बोट सडलंय हो तुमचं!”

“सडेना का! दुखत नाही, सुजत नाही, ताप नाही. आ कर बघू.”

पेशींमधले पहारेकरी उगाच बोंब मारतात म्हणून गुडघे सुजतात, असं डॉक्टरांनी वन्संना सांगितलं होतं. एका इंजेक्शनने ते पहारेकरी कायमचे गप्प झाले आणि वन्सं तुरुतुरु जिने चढू लागल्या. ते बघून सगळ्या घराने टोचून घेतलं. आता खरे जंतू शिरले तरी कोणाच्या अंगात बोंब उठत नव्हती. गरोदर बाईला ते इंजेक्शन चालत नव्हतं, म्हणून कालिंदी तेवढी राहिली. घरातल्या कुबट वासाची बाकीच्यांना सवय झाली होती. तिला शिसारी यायची.

घास ओठांना टेकला. वास थेट घशात उतरला आणि कालिंदी भडाभडा ओकली, नव्या हिरव्या साडीवरच.

जमलेल्या बायका खदाखदा हसल्या. “अगंबाई, सातव्यातसुद्धा डोहाळे कडक आहेत हो हिचे!” वन्संनी कौतुकाने दुसरा घास वळायला घेतला.

“असू दे, होतं असं,” म्हणत तिच्या नवऱ्याने, श्रीरंगने, लाडाने तिचं तोंड पुसलं. त्याने हात मागे घेतला, तेव्हा त्याच्या अंगठ्याचं नख तिच्या गालाला चिकटून राहिलं होतं.