ड्रॅगन घरी पोचला का?

लेकीने चिठ्ठी उचलली आणि थेट तोंडात घातली. मी बाहेर काढली तोवर नावाचा लगदा झाला होता. माझ्या ड्रॅगनच्या कादंबरीचा शेवटचा भाग महिन्याने येणार होता. त्याची आगाऊ आलेली एकच प्रत आज लाइव्हवर चिठ्ठी काढून एका वाचकाला भेट द्यायची होती.

"ड्रॅगनीणच आहे की ही," कुणीतरी कमेंटमध्ये लिहिलं.

पुन्हा चिठ्ठी काढणार, तेवढ्यात परभणीच्या शलाकाताईंनी लिहिलं, "आमचे अप्पा दवाखान्यात आहेत. रोज विचारतात, ड्रॅगन घरी पोचला का? महिनाभर ते थांबतील असं वाटत नाही."

"माझं नाव वगळा, प्रत अप्पांना द्या," एकाने लिहिलं. मग दुसरीने. मग सगळ्यांनीच.

कुरिअरलाही उशीर झाला असता. "फोन अप्पांच्या कानाशी धरा," मी म्हटलं आणि लेकीला थोपटत शेवटचं प्रकरण उघडलं.