सातव्या वॉर्डातली एक

"हा एक पुसून टाका, साहेब."

तिने वर्तमानपत्राचा चुरगळलेला कागद टेबलावर सरळ केला. बोटाला लागलेल्या घड्याळाच्या तेलाचा ठसा नेमका त्या आकड्याखाली उमटला.

आकडेवारी कचेरीतल्या म्हाताऱ्या साहेबांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. शहरातले कामधंदे, वॉर्डनिहाय. घड्याळदुरुस्ती करणारी, मुलासह एकटी राहणारी स्त्री. वॉर्ड सात: एक.

"ही तुम्ही?"

तिने मान हलवली.

"बरं. पण राहता कुठे ते सांगू नका हं. नियमाने मला कळता कामा नये."

तिने ओठ मिटले. तिच्या गल्लीच्या तोंडाशी निळ्या पाटीवर वॉर्डाचा तोच सात रंगवलेला होता. सवयीने तिची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली, मग मनगटाकडे. अकरा वीस. सेकंदाचाही फरक नव्हता.

दुकानदारकाका तिच्याकडे घड्याळं कागदात गुंडाळून पाठवत. आज सकाळी त्या गुंडाळीतूनच हा आकडा बाहेर पडला आणि हातातलं काम तसंच टाकून ती इथे आली. गणनेवाली बाई दारावर आली, तेव्हा लेकीच्या तोंडावर हात दाबून ती श्वास रोखून बसली होती; फॉर्म भरलाच नव्हता. मग हा एक आला कुठून? शेजारीण बोलली असणार, दुसरं कोण!

"भीती कोणाची?" साहेबांनी हळूच विचारलं.

"मुलीच्या बापाची. पळून आलो त्याला दोन वर्षं झाली. तो सगळं वाचतो. आणि मला या कामाशिवाय काही येत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक आहे."

तो आपलं घड्याळ दहा मिनिटं पुढे ठेवी आणि सगळं घर त्याच्याच घड्याळावर चाले. त्यात उशीर झाला की हात उठे. तिच्या डाव्या हाताची दोन बोटं अजून पुरती वाकत नव्हती.

"लेक कुठेय?"

"घरी. बाहेरून कुलूप लावलंय. म्हटलं, गप्प बसायचं, कोणाला ओ द्यायची नाही. तर म्हणते, मी काय बंद पडलेलं घड्याळ आहे?"

साहेब मनापासून हसले. मग त्यांनी चहाच्या दोन बश्या पुढे ओढल्या आणि एकीत टाचण्या ओतल्या. सगळ्या पांढऱ्या डोक्याच्या, एकच लाल.

"एक बशी म्हणजे एक वॉर्ड. ही लाल बघा. लांबूनही डोळ्यात भरते की नाही? झाकली, तरी ओळीच्या शेवटी बेरीज असते. बाकीच्या वजा केल्या की ही पुन्हा उघडी."

"मग छापताच कशाला?"

"नाही छापलं, तर पाळणाघर कुठे हवं, दवाखाना कुठे, हे कशावरून ठरवायचं? तुमच्यासारख्या बायका या शहरात आहेत, हेच कोणाला कळणार नाही." त्यांनी लाल टाचणी उचलली आणि दुसऱ्या बशीत ठेवली. "म्हणून हे करतो. शहराची बेरीज खरी, बशी मात्र खोटी. हे बाहेर बोलायचं नसतं, पण तुमची भीती बघवत नाही."

तिने टाचणीकडे बोट केलं.

"म्हणजे ती... सातात राहत नाही?"

"छे! तुम्हाला तर माहीतच आहे की. सात मी मुद्दाम निवडला. तिथे अशी बाई एकसुद्धा नाही. आलेला फॉर्म न् फॉर्म मी स्वतः चाळलाय."

तिने खुर्चीचा हात घट्ट धरला.

"पडला ना जीव भांड्यात?" साहेब टाचण्या डबीत भरू लागले. "कोणी शोधत आलंच, तर सातातली दारं ठोठावून दमेल. तक्ता सगळ्यांना खुला आहे, बघू दे की! तुमच्या आधी अर्धा तास एक गृहस्थ येऊन गेले, त्यांना मीच पान काढून दिलं. चांगले बोलले हो. जाताना तेवढं आमच्या या घड्याळाला नावं ठेवून गेले. दहा मिनिटं मागे आहे म्हणाले."