सहावी सवत

गुणवंतांच्या ओळखीतला केतन गुरुग्रामहून त्यांनी द्यायचं कबूल केलेला अ‍ॅम्प्लिफायर न्यायला निघाला होता, आणि नेमकं तेव्हाच चंद्रप्रभाबाईंना कपाट सरकवायचं होतं. गणपती दोन दिवसांवर आले होते. यंदा मखर त्या भिंतीशीच हवं, असं त्यांनी सकाळीच जाहीर केलं होतं.

"अगं, तो येईल एवढ्यात. त्याला वाजवून दाखवायचाय," गुणवंत म्हणाले.

"दाखवा की. कपाट काही मध्ये गात नाही. धरा त्या बाजूनं."

गुणवंत केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाले, पण अ‍ॅम्प्लिफायरच्या शोधातून काही निवृत्त होईनात. दिल्लीतल्या मयूर विहारच्या या घरात एकामागून एक अ‍ॅम्प्लिफायर आले आणि गेले. चंद्रप्रभाबाई त्यांना सवती म्हणत. हा सहावा. लाकडी कडांचा, पिठाच्या भरल्या डब्याएवढा जड. याच्यावर गुणवंतांचा खरा जीव. सकाळपासून पुन्हा पुन्हा पुसून झाला होता आणि पुसता पुसता त्याच्याशी बोलूनही झालं होतं, हे आपलं आपल्यात.

पण करता काय? याच्यातही खर्ज नव्हता. मराठी मंडळाच्या एका जुन्या गणेशोत्सवातली टेप गुणवंतांनी जपली होती. गायले होते श्यामकांत नावाचे ऑफिसातले एक गृहस्थ, आणि त्यांच्यामागे तानपुऱ्यावर होती तरणी चंद्रप्रभा. त्या तानपुऱ्याची खर्जाची तार, सगळ्यांत जाड, सगळ्यांत खालच्या सुराची, त्या दिवशी मांडवातल्या सतरंजीतून थेट गुणवंतांच्या पोटात शिरली होती. आता बाईंची बोटं आखडलीत, तानपुरा खोळीत गेलाय. तो सूर घरात पुन्हा एकदा ऐकायचा, एवढाच या माणसाचा हट्ट. नवा अ‍ॅम्प्लिफायर आला की ते हीच टेप लावत, बायकोला स्वयंपाकघरातून बोलावत आणि विचारत, "आला का खर्ज?" बाईंना खोटं बोलता येत नसे. "नाही आला," म्हणत आणि पोळी उलटायला परत जात. की झाली पुढच्या सवतीची तयारी सुरू.

कपाट सरकलं. मागे धुळीचा थर, केव्हाचा हरवलेला एक झारा आणि भिंतीच्या कडेनं गेलेली एका स्पीकरची वायर.

"हे काय हो?" चंद्रप्रभाबाई झाडू टेकवून वाकल्या. "इथे मध्येच जोड दिलाय."

"कमी पडली होती वायर. मीच दिला होता, या घरात आलो त्याच दिवशी. कपाटवाले दारात खोळंबले होते ना."

"अच्छा. मग लाल काळीला का जोडलीय?"

गुणवंत चटकन वळले. अ‍ॅम्प्लिफायर बंद केला आणि गुडघ्यांचं दुखणं विसरून फरशीवर पालथे झाले. चिकटपट्टी सोलली. खरंच की. इकडची लाल तिकडच्या काळीला, इकडची काळी तिकडच्या लालला. दर वेळी त्यांनी अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे तपासलं होतं, स्पीकरच्या मागे तपासलं होतं, सगळं बिनचूक. चूक मधल्या जोडात होती आणि तो कपाटामागे. एक स्पीकर हवा पुढे ढकलायचा तेव्हा दुसरा मागे ओढायचा, आणि दोघांच्या ओढाताणीत खालचा सूर मरायचा. बिचारे अ‍ॅम्प्लिफायर मात्र नालायक ठरून घराबाहेर गेले.

"काखेत कळसा," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या.

"पुढचं म्हणू नकोस."

"गावाला कुठे म्हणतेय? तुमचा तर गाझियाबादपासून फरिदाबादपर्यंत वळसा झाला."

गुणवंतांना हसू फुटलं. फरशीवर पालथं पडल्या पडल्याच ते पोट हलेपर्यंत हसले. आपला एवढा मोठा मूर्खपणा उघडा पडूनही इतका आनंद कसा होतोय, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटत होतं. वायर दातांनी सोलली, लालला लाल पिळली, काळीला काळी. मग टेप लावली.

आधी मांडवातली कुजबुज आली. मग कुणीतरी खोकलं. आणि मग तानपुरा सुरू झाला.

चंद्रप्रभाबाई धूळ गोळा करत होत्या, त्या थांबल्या. हातातला झाडू तसाच मांडीवर घेऊन सोफ्याच्या कडेवर बसल्या. डोळे मिटले. जमिनीतून काहीतरी वर येत होतं, मोठं, गोल, सावकाश. त्यांचं आखडलेलं मधलं बोट हवेत हललं, मग तर्जनी, तर्जनी, आणि चौथ्याला, खर्जाच्या तारेला, मान अलगद खाली आली.

बेल वाजली. गुणवंतांनी धुळीनं माखलेल्या कुडत्यानिशीच दार उघडलं. केतन रिकामा खोका घेऊन उभा होता. आत पाऊल टाकलं तसा तो कान देऊन थांबला.

"काका, असा वाजतोय आणि तुम्ही देताय? पक्कं ना? पॅक करू?"

गुणवंतांनी एकदा खोक्याकडे पाहिलं, एकदा बायकोच्या बोटांकडे. शब्द तर दिला होता. त्यांनी हळूच सोफ्याकडे बोट दाखवलं. "तुझ्या काकूला विचार, यार. सवत तिची आहे."

"काकू, नेऊ का हा?"

चंद्रप्रभाबाईंनी डोळे उघडले नाहीत. बोटं चालूच होती.

"नांदू दे तिला," त्या म्हणाल्या. "आणि तू खोका ठेवून गप्प बस जरा. मी वाजवतेय."