चूलबंद

"एका घरातनं एकच माणूस. पाठ झालं ना?" वनमालाने विचारलं.

"झालं," जयवंत म्हणाला आणि अक्षतांची वाटी घेऊन चाळीच्या गॅलरीत आला.

मुलीचं, मीराचं, लग्न रविवारी होतं. गिरणी बंद पडून वर्ष उलटलं होतं, तेव्हा थोडक्यात उरकायचं असं दोन्हीकडून ठरलं. भांडुपच्या टेकडीवरचं देऊळ, मुलाकडची वीस माणसं आणि आपली वीस. आपल्या विसांत चाळीतल्या चौदा बिऱ्हाडांतून एकेक जण, गावाहून येणारे मामा-मामी आणि घरची चार. यादी वनमालाने बसवली होती आणि तिच्यात बोट शिरायला जागा नव्हती.

जयवंताला फक्त तेवढं एक वाक्य बोलायचं होतं. पण वीस वर्षं हा माणूस चाळीतल्या प्रत्येक लग्नात बायकोपोरांसकट जेवला होता. अशा एकाही दिवशी त्याच्या घरचा स्टोव्ह पेटला नव्हता.

पहिलंच दार रुक्मिणीकाकीचं, चाळीतल्या सगळ्यांत जुन्या बाईचं. तिच्या नंदूच्या लग्नात जयवंताने कमरेला टॉवेल बांधून तीन पंगती वाढल्या होत्या.

"अक्षत घेवन इलंस?" काकी हसली. "मीराचा लगीन! बस, बस." तिने गुळाचा खडा आणि पाणी पुढे केलं. नंदू, सून, दोन नातवंडं, सगळी त्याच्याभोवती येऊन उभी राहिली.

जयवंताने उंबऱ्यावर अक्षता ठेवल्या. घसा खाकरला. एकच माणूस, एकच माणूस. आणि तोंडातून निघालं, "काकी, सगळ्यांनी येवा. चूलबंद."

म्हणजे घरात त्या दिवशी चूल पेटवायची नाही, लहानथोर झाडून सगळ्यांनी लग्नात जेवायचं. पिढ्यान् पिढ्या जिभेवर बसलेलं आमंत्रण ते. उंबरा दिसला की आपलं आपण बाहेर पडतं.

आता काकीला चूलबंद म्हटल्यावर शेजारच्या चंद्रप्रकाशला एकच माणूस कसं म्हणणार? मधल्या फळीतून खोकलासुद्धा ऐकू जातो. दुसऱ्या दारी चूलबंद, तिसऱ्या दारी चूलबंद. चौदाव्या दारी तर त्याने त्यांच्या घरी आलेल्या पाहुण्यालाही बोलावलं.

घरी आला तेव्हा वाटी रिकामी होती. वनमालाने त्याचा चेहरा पाहिला आणि ओळखलं.

"किती?"

"सगळी."

"आणि त्यांना वाढायचं काय? माझं डोकं?"

"तोंडातून गेलं गं."

"मग जा, परत सांगून या."

"ठेवलेली अक्षत कुणी परत उचलतं का?"

ती कडाडून भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती नुसती भिंतीला पाठ लावून बसली. "दमले हो मी आता," एवढंच म्हणाली. जिभेला हाड नसतं म्हणतात, ते जयवंताला त्या संध्याकाळी पुरतं पटलं. आपल्या जिभेची त्याला लाज वाटली.

शनिवारी आचारी आला. जयवंताच्या दारातून दोन पातेली उचलून तो गॅलरीतून देवळाकडे निघाला. वनमाला मागून हळूच म्हणाली, "वरण जरा पातळच ठेवा." संध्याकाळची वेळ, सगळी चाळ दारात होती. दोनच पातेली सगळ्यांनी पाहिली. पोट बिघडलंय म्हणून आपण पंगतीला बसायचंच नाही, असं जयवंताने मनाशी ठरवून टाकलं. पण त्याच्या एका पानाने काय होणार होतं?

रविवारी सकाळी नळाला पाणी आलं, तसा तो बालदी घेऊन बाहेर पडला. चार पावलं गेला नाही तोच तळणाचा वास आला. काकीचा पडदा बाजूला सारलेला होता, स्टोव्ह फरफरत होता आणि तव्यावर बोंबील होते. लग्नाच्या दिवशी, सकाळी सहा वाजता, बोंबील!

"काकी, आज चूल?"

काकीने मान वर केली नाही. "पोरांक लग्नातला जेवाण बाधता. मी येतंय ना. मी एकटी येतंय."

पलीकडे चंद्रप्रकाश स्टोव्हला पंप मारत होता. "बायकोला कणकण आहे, जयवंतराव," तो आतूनच ओरडला. बायको त्याच्यामागे बसून धडाधड पोळ्या लाटत होती. पुढे खंडूच्या घरात सगळ्यांचा उपास निघाला, आणि त्या उपासाला कांदा-लसणाची फोडणी बसत होती. प्रत्येक दारात एकेक जण मात्र दाढी करून, नाहीतर चांगलं लुगडं नेसून तयार होता.

रॉकेल रेशनचं. महिनाअखेर आलेली. तरी सगळी गॅलरी फरफरत होती. जयवंत रिकामी बालदी हातात धरून शेवटच्या खोलीपर्यंत गेला. त्याला रडू येत होतं, आणि कालपासून काही न खाल्ल्यामुळे भूकही लागली होती. नळाचं पाणी तसंच सोडून तो माघारी फिरला.

वनमाला दारात उभी होती. तिलाही सगळं ऐकू येत होतं.

"किती?" तिने विचारलं.

"चौदा."

मागे कोपऱ्यात त्यांचा स्टोव्ह थंड पडला होता. सगळ्या चाळीत चूलबंद घर तेवढं एकच.